हिचे गुरुवार

११ जानेवारी

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. पडद्याच्या कापडवाल्यांनी मालकांना भेट दिली होती, ती वर्षभर कपाटात पडून होती. मालक म्हणाले, घे, खिडक्यांची मापं लिहायला होईल. वार सगळे चुकीचे आहेत, पण तारखांचं त्याने काही बिघडत नाही. मापं मी मागच्या पानांवर लिहीन. पुढची पानं महत्त्वाच्या गोष्टींसाठी.

महत्त्वाची गोष्ट आजच घडली. सकाळी बूट घालत होतो. ही म्हणाली, "अहो, ऑगस्टमध्ये आपण तिघं असू." मी विचारलं, कोण येतंय? आपल्या एका खोलीत पाहुण्याला झोपवायचं कुठे, हेही विचारलं. हिने माझ्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या बुटाची नाडी बांधेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हणालो, "नक्की?"

"नाही, अंदाजे," असं म्हणून ही कामावर निघून गेली.

दिवसभरात तीन पडदे उलटे शिवले.

१४ जानेवारी

नीट विचार करून काही निर्णय घेतले. घरात एकाने तरी शांत डोक्याने वागायला हवं.

इथे येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. ज्या कारखान्याच्या नावावर आमचा परवाना होता, तो कारखाना बंद पडला. नव्या परवान्याचा अर्ज सात महिने 'विचाराधीन' आहे. तोवर सरकारी दारात उगाच नाव लिहून यायचं नाही, असं माझं मत. एकदा नाव लिहिलं की कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. कागद येऊ दे, मग दवाखाना. मी घाबरलेलो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मी सावध आहे.

आईला फोन केला. तिचंही तेच मत. म्हणाली, बाळंतपण म्हणजे काही दुखणं नव्हे, माझी चारही घरीच झाली. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "पाच." मी म्हणालो, आम्ही भावंडं चारच आहोत. ही म्हणाली, "पाच झाली. चार राहिली. मला सासूबाईंनीच सांगितलंय."

मला हे माहीत नव्हतं. बायका आपसात काय काय बोलतात.

३० जानेवारी

हिच्या हट्टापायी शेवटी दवाखान्यात जावं लागलं. दोघांची अर्ध्या दिवसाची रजा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की पहिली तपासणी बाराव्या आठवड्याच्या आत करा. हिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, आज बारावाच आहे, म्हणजे आपण वेळेत आलो. परीक्षेत पहिली आल्यासारखा चेहरा होता.

खिडकीवरच्या बाईंनी परवाना मागितला. मी विचाराधीन म्हणालो. मग त्यांनी पत्त्याचा कागद मागितला. इथे अडचण अशी की घरमालकाने आमची खोली कागदोपत्री गोदाम म्हणून दाखवली आहे. म्हणजे सरकारच्या लेखी आम्ही दोघं माल आहोत. हे मी हिला कानात सांगितलं, तर ही म्हणाली, "माल वाढलाय, एवढं तरी कळवू त्यांना."

मग त्या बाई बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगत राहिल्या. मी मान डोलावत होतो. मला इथली भाषा येते. उंची, रुंदी, चुण्या किती, अस्तर लावायचं का, यात मला कोणी फसवू शकत नाही. पण त्या बाई खिडकीत बसून खिडकीबद्दल एक अक्षर बोलत नव्हत्या. शेवटी त्यांनी एक छापील चिठ्ठी हातात दिली. चिठ्ठीवर एका गाडीचं चित्र आहे. खाली वेळ आणि पत्ता. बहुतेक बसची जाहिरात असावी.

बाहेर आल्यावर हिने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणालो, कागद आले की या म्हणाल्या. ही म्हणाली, इतका वेळ एवढंच बोलत होत्या?

चिठ्ठी जाड कागदाची आहे. डायरीत खूण म्हणून ठेवली.

१८ फेब्रुवारी

दवाखाना नाही तर नाही, माझ्याकडे टेप आहे. आजपासून दर रविवारी हिच्या पोटाचं माप घेऊन इथे लिहायचं ठरवलं. आजचं माप: घेर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. ही म्हणाली, चुण्या किती धरताय?

२४ फेब्रुवारी

अकरा खिडक्यांच्या बाईंकडे गेलो होतो. हे गिऱ्हाईक मालकांनी माझ्या गळ्यात घातलंय. बाळाच्या खोलीचे पडदे आधी पिवळे हवे होते, मग करडे, आता पुन्हा पिवळे. त्यांनाही ऑगस्टचीच तारीख दिली आहे. फ्रिजवर पोटातल्या बाळाचे फोटो लावलेत. एक नव्हे, तीन. एका फोटोत बाळ म्हणे अंगठा चोखतंय. मला तरी नुसतं धुकं दिसलं, पण गोड आहे म्हणालो.

त्यांनी विचारलं, तुम्हाला मुलं? बायकोलाही ऑगस्टचीच तारीख आहे म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. कुठल्या डॉक्टरांकडे जाता, असं विचारलं. मी म्हणालो, जवळच्याच. त्या म्हणाल्या, बरं आहे ना, इथे सगळ्यांचं सगळं नीट बघतात. मी हो म्हणालो. शिडीवर उभं राहून माणसाने वाद घालू नये.

घरी येऊन हिला फोटोंचं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. ही अंड्यांच्या शेडमध्ये काम करते. पट्ट्यावरून अंडी सरकत येतात, खाली दिवा असतो. उजेडात ज्यात तडा किंवा रक्ताचा ठिपका दिसेल ते अंडं बाजूला काढायचं. दिवसाला हजारो. ही म्हणाली, "कोंबडीच्या अंड्याला इथे दिव्यावर धरून बघतात हो. मला कोणी बघितलंय का?"

मी म्हणालो, मी बघतो की. यावर ही पाठ फिरवून बसली. गरोदरपणात मनःस्थिती बदलते म्हणतात, ते खरं आहे.

११ मार्च

डायरीतली खुणेची चिठ्ठी सापडत नाही. हिला विचारलं. ही म्हणाली, मला काय माहीत, आणि वर हसली. आता जुन्या तिकिटाची खूण केलीय.

घेर: नव्वद.

२९ मार्च

गुरुवारी हिला जादा काम लागलंय. दर गुरुवारी नाही, एक आड एक. घरी यायला दीड तास उशीर होतो. पण थकलेली दिसत नाही, उलट ताजीतवानी असते. मी म्हणालो, जादा कामाने माणूस इतका खुश झालेला मी पहिल्यांदा बघतोय.

शिवाय हिने नियम काढलाय, जेवणानंतर तासभर चहा प्यायचा नाही. मी कारण विचारलं. चहाने लोह अंगी लागत नाही म्हणे. हे कोणी सांगितलं? वरच्या मजल्यावरच्या मावशींनी, म्हणाली. मावशी धुलाईच्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालतात. त्यांना लोहाबद्दल इतकी माहिती कुठून, कोण जाणे. मी म्हणालो, लोह तुला हवं, चहा मी का सोडायचा? उत्तर मिळालं नाही आणि चहाही मिळाला नाही.

आणखी एक. रविवारी टेप घेऊन बसलो, तर ही म्हणाली, घेर मोजून काही कळत नाही, उभं मोजतात, ओटीपोटाच्या हाडापासून वरपर्यंत. मी पंधरा वर्षं टेप हातात धरतोय आणि ही मला माप शिकवते. उभं माप घेतलं: वीस. "वीस आठवडे, वीस सेंटिमीटर, बरोब्बर," असं म्हणून हिने स्वतःच्याच पोटावर थाप मारली.

१९ एप्रिल

आज मी एक धाडस केलं. पोटुशी बाईला जादा काम देतात म्हणजे काय, हे विचारायला हिला न सांगता अंड्यांच्या शेडवर गेलो. तिथली मुकादम बाई धिप्पाड आहे. मी आमची बाजू ठामपणे मांडली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, जादा काम? ती तर गुरुवारी तासभर लवकर जाते, पगार कापून.

मी आभार मानून बाहेर पडलो.

बसथांब्यावर बसून विचार केला. लवकर निघते, उशिरा येते, खुश असते, आणि विचारलं की हसते. शेवटी उलगडा झाला. येत्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. ही गुपचूप काहीतरी खरेदी करत असणार. मला कळलंय हे मी मुळीच दाखवणार नाही.

२० मे

वाढदिवस झाला. हिने मोजे दिले. मोज्यांना इतके गुरुवार कशाला लागले असतील?

३१ मे

आज सकाळपासूनचं सगळं लिहितो.

गुरुवार, पण सणाच्या सुट्टीचा. ही न्हाणीघरातून बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, अंगावरून रक्त जातंय. दुखत मात्र काहीच नव्हतं. मी म्हणालो, दुखत नाही ना, मग पडून राहा, मी आईला फोन लावतो. पुढे असंही म्हणालो की आज दवाखाना बंद असेल, परवाना अजून आलेला नाही, उद्या बघू. हे मी बोललो. शब्द न शब्द असाच बोललो, म्हणून लिहून ठेवतोय.

"बूट घाला," ही म्हणाली.

मग पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि तिच्यातून एक निळी फाइल काढली. फाइलवर हिचं नाव. आत तारखा. ८ मार्च, मग २२ मार्च, मग ५ एप्रिल, थेट १७ मेपर्यंत. सगळे गुरुवार. वजन, रक्तदाब, रक्ताची तपासणी, गोळ्या. पहिल्या पानाला माझी ती बसची जाहिरात टाचणीने लावलेली. ती बसची जाहिरात नव्हती. ज्यांच्याकडे कागद नाहीत अशा बायकांना तपासायला दर गुरुवारी बस आगाराच्या मागे एक गाडी उभी राहते, तिची चिठ्ठी होती. खिडकीवरच्या बाई तेवढा वेळ हेच सांगत होत्या, आणि मी मान डोलावत होतो.

फाइलवर गाडीतल्या नर्सबाईंचा फोन होता. हिने लावला. माझ्यापेक्षा चांगली भाषा बोलते ही. कधी शिकली? त्या म्हणाल्या, मोठ्या रुग्णालयात या, मी येते. सुट्टीच्या दिवशी, घरच्या कपड्यांत, त्या आमच्या आधी दारात उभ्या होत्या. साठीच्या असतील, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मला वरपासून खालपर्यंत बघून हिला काहीतरी म्हणाल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या? ही म्हणाली, "हेच का ते विचाराधीन?"

त्याही वेळी हिला थट्टा सुचत होती. पण माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की अजून वळ आहे.

हिला आत नेलं आणि मला खिडकीवर पाठवलं. नाव, जन्मतारीख, परवाना, पत्ता. मागे रांग होती. पत्त्यापाशी मी थांबलो. एरवी मी मावशींच्या पुतण्याचा पत्ता देतो. आज खरा दिला, नाव खरं दिलं, परवान्याच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं आणि सही केली. धाडस वगैरे काही नव्हतं. दुसरं काही सुचत नव्हतं, इतकंच.

तासाभराने आत बोलावलं. पडद्यावर ते धुकं होतं, आणि धुक्यात टकटक चालली होती. ही म्हणाली, "बाळ बरं आहे. वार खाली आहे."

मी म्हणालो, "कुठला वार?"

मला खरंच वाटलं, गुरुवारांबद्दल बोलतेय. मग हिने समजावून सांगितलं. बाळाला पोटात जिच्यातून रक्त पोचतं ती वार गर्भाशयाच्या तोंडावर येऊन बसलीय. बाळाच्या वाटेतच. आता रक्त थांबलंय, पण कळा सुरू झाल्या तर ते थांबणार नाही. डॉक्टरीणबाई मला उद्देशून हळूहळू बोलल्या, मला कळावं म्हणून. घरी बाळंतपण झालं असतं तर दोघंही वाचली नसती.

मान डोलवायची राहून गेली माझी.

३ जून

ही अजून रुग्णालयातच आहे. रिकाम्या खोलीत बसून फाइल वाचली. सोनोग्राफी करून घ्यावी, असं नर्सबाईंनी ५ एप्रिललाच लिहून दिलं होतं. रुग्णालयाने बिनकागदाच्या बायकांच्या यादीत हिचं नाव घातलं आणि तारीख दिली १४ जून. दहा आठवड्यांनंतरची. त्या तारखेला हिने पेन्सिलने गोल केलाय आणि शेजारी माझ्या डायरीतलं वाक्य उचलून लिहिलंय, 'मी घाबरलेली नाही, सावध आहे. तोवर थांब रे बाळा'.

म्हणजे डायरी वाचते ही. चिठ्ठी तिथूनच घेतली.

९ जून

ही घरी आली. अटी अशा: उठबस कमी, ओझं उचलायचं नाही, रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत राहायचं, जरा काही वाटलं तर निघायचं. अंड्यांच्या शेडवर हिच्या जागी दुसरी बाई घेतली. स्वयंपाक माझ्याकडे. मावशी चव घेऊन म्हणाल्या, पडदे चांगले शिवतोस तू.

१५ जून

अकरा खिडक्यांच्या बाईंकडे शेवटची फेरी. पडदे पिवळेच राहिले. त्यांनी हिची चौकशी केली. या वेळी मी सगळं खरं सांगितलं, गाडी, यादी, दहा आठवडे. भाषा मोडकी होती, पण सांगितलं. त्या म्हणाल्या, मला जरा दुखलं तर त्याच दुपारी सोनोग्राफी केली होती. त्यांना वाईट वाटलं असावं. मला त्यांच्यावर राग नाही आला. मी फक्त शिडीवरून खाली उतरून बोललो.

२ जुलै

सही केल्यापासून रोज दाराकडे लक्ष असतं माझं. आज टपाल आलं, सरकारी पाकीट, माझ्या नावाचं. मी ते न फोडताच पलंगावर ठेवलं. ही म्हणाली, फोडा, आत साप नाही. आत २६ जुलैची तारीख होती. सिझेरियनची. सकाळी आठला उपाशीपोटी या.

२६ जुलै

मुलगी. दोन किलो सातशे. सकाळी नऊ चाळीसला. हिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या, आधीच काढून तयार ठेवलेल्या होत्या. दोघी सुखरूप.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण बाहेर बाकावर माझ्याशेजारी एक जण बसला होता. गवंडीकाम करतो, हातांवर सिमेंट वाळलेलं. आमच्यासारखाच दुसरीकडून आलेला. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही, म्हणून आम्ही दोघं इथली भाषा बोलत होतो, जेवढी येते तेवढी. त्याच्या बायकोला पहाटे उचलून आणलं होतं. तिचीही वार खाली. तिला आजपर्यंत कोणी तपासलं नव्हतं. तो म्हणाला, कागद नव्हते, म्हटलं कागद आले की जाऊ.

त्याची बायको वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगा होता.

माझी बातमी कळल्यावर त्याने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, तुम्ही पहिली तपासणी कधी केलीत? मी म्हणालो, सतराव्या आठवड्यात. तो म्हणाला, "हुशार आहेस."

त्याला खरं सांगायला हवं होतं. शब्द येत नव्हते म्हणून सांगितलं नाही, असं लिहिलं असतं. पण तेवढे शब्द मला येतात.

२८ जुलै

आज हिला उशीला टेकून बसवलं. खिडकीतून ऊन येत होतं. नर्सबाई येऊन गेल्या, लेकीला उलटसुलट करून बघितलं, माल उत्तम आहे म्हणाल्या. म्हणजे तोही विनोद हिने त्यांना सांगितलाय.

गवंड्याचं सगळं हिला सांगितलं. हिने ऐकून घेतलं. पलीकडच्या खोलीत त्याची बायको आहे, तिला आपल्या पलंगाजवळच्या फुलांमधली अर्धी नेऊन द्या म्हणाली. मी नेऊन दिली. ती बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. नवरा तिच्या पायांशी बसला होता.

परत आल्यावर मी हिला विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. म्हणालो, "गाडीचं मला आधीच का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

रागाने बोलली नाही. भाजीत मीठ कमी आहे, हे सांगावं तसं म्हणाली. आधी वाटलं, नसतो म्हणालो. मग जानेवारीपासूनचं सगळं आठवलं, रविवारची ती मापं, आईचा फोन, न्हाणीघराचं दार.

मी म्हणालो, "हो. नाही म्हणालो असतो."

हिने पाय जरा बाजूला घेऊन मला पलंगावर जागा करून दिली. लेकीला माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "मानेखाली हात घाला. आणि विचार करत बसू नका हो, ती रडायला लागलीय."